बारावीनंतर पशुवैद्यक व्हायचंय? नीटच्या आधी आणि नंतर काय काय करायचं

पहिल्या वर्षी माझी जागा परीक्षेत गेली नाही, मोबाइलवर गेली. नीटचा निकाल लागला, वैद्यकीय प्रवेशाची नोंदणी केली आणि त्या पसंतीक्रमाच्या यादीत एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएसच्या खाली कुठेतरी व्हेटर्नरी येईल म्हणून वाट बघत बसले. ते येणारच नव्हतं. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. या पशुवैद्यकाच्या पदवीचा अर्ज वेगळा, संकेतस्थळ वेगळं, तारखाही वेगळ्या. हे मला कळलं तेव्हा नोंदणी बंद होऊन नऊ दिवस झाले होते. आबा एवढंच म्हणाले, "पुढच्या साली भर." ते पुढचं साल काय असतं, हे रिपीट करणाऱ्यालाच ठाऊक.

आता माझी इंटर्नशिप चालू आहे. दर जूनला गावाकडून, पाहुण्यांकडून, मावसबहिणीच्या मैत्रिणीकडून फोन येतात आणि प्रश्न तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. नियमांत दरवर्षी थोडाफार बदल होतो, तेव्हा त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका हीच खरी. ती ऐंशी पानं समोर आल्यावर घाबरायला होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

१. आधी आठ-दहा सकाळी सरकारी दवाखान्यात काढा

हे पहिलं का? कारण आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त जणांनी कॉलेजात येण्याआधी गाईच्या अंगाला हात लावलेला नव्हता. "एमबीबीएस हुकलं, मग हे तरी" असं म्हणून ते आले. काही जण रमले, काही वैद्यकीयच्या उशिराच्या फेरीत निघून गेले आणि काही अजूनही तोंड पाडून बसलेत. मीही हुकल्यामुळेच आले, फक्त मधल्या रिकाम्या वर्षात एक गोष्ट बरी झाली. आमच्या भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मी रोज सकाळी जायला लागले.

राज्यात जनावरांचे दवाखाने श्रेणी-१ आणि श्रेणी-२ अशा दोन प्रकारचे असतात. श्रेणी-१ मध्ये पदवीधर डॉक्टर म्हणजे पशुधन विकास अधिकारी असतात, तुम्ही तिथे जा. डॉक्टरांना सरळ सांगा, "बारावीला आहे, व्हेटर्नरीला जायचा विचार आहे, काम बघायचंय." बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. सकाळी लवकर जा. गर्दी तेव्हाच असते, नंतर डॉक्टर फिरतीवर निघतात. जमलं तर एक-दोनदा त्यांच्यासोबत फिरतीवरही जा, खरं काम तिथेच दिसतं.

काय बघायचं? खोड्यात उभी केलेली म्हैस आणि तिची गाभण तपासणी करताना खांद्यापर्यंत आत गेलेला डॉक्टरांचा हात. कृत्रिम रेतन. शेळीला पाजलेलं जंताचं औषध, त्यातलं अर्धं पाजणाऱ्याच्या अंगावर. पोटफुगीने आडवी झालेली गाय आणि तिच्या डाव्या कुशीत नळी घातल्यावर भसाभस बाहेर पडणारा वायू. तो वास नाकातून दोन दिवस जात नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, डॉक्टर मालकाशी कसं बोलतात ते ऐका. जनावर काहीच बोलत नाही आणि मालक नको तेवढं बोलतो. त्या बोलण्यातून "परवापासून रवंथ करत नाही" हे एक वाक्य नेमकं उचलायचं असतं. हे कौशल्य कुठल्या क्लासला मिळत नाही.

वही ठेवा. मी ठेवली होती. पहिल्या पानावर लिहिलंय, "गाईचं नेहमीचं तापमान १०१.५ अंश फॅरनहाइटच्या आसपास." माणसाच्या हिशेबाने तो ताप. हे वाचून मला वाटलं होतं की थर्मामीटरच बिघडलंय.

एक गोष्ट मात्र करायची नाही. उत्साहाच्या भरात व्यायल्यावर अडकलेली वार (नाळेसोबतची पिशवी) काढायला किंवा गाभडलेल्या, म्हणजे गर्भपात झालेल्या जनावराला उघडा हात लावू नका. ब्रुसेल्लोसिस माणसालाही होतो, मग महिनोन् महिने ताप येत-जात राहतो. हातमोजे नसतील तर लांबून बघा.

या सगळ्याला प्रवेशात एकही गुण नाही. मुलाखत नसते, अनुभवाचं प्रमाणपत्र कोणी मागत नाही. तरी जा. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे, साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. शेवटच्या वर्षी उमगण्यापेक्षा आठव्या दिवशी "हे आपलं काम नाही" असं उमगलेलं परवडतं.

२. पात्रता तपासा, इंग्रजीसकट

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवेत. खुल्या गटाला या चार विषयांत मिळून किमान ५० टक्के गुण लागतात, राखीव गटांना सवलत असते. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण व्हायला हवीत. गणित नसलं तरी चालतं.

या बेरजेत इंग्रजी धरतात, हे अनेकांना माहीतच नसतं. नीटच्या नादात बारावीची इंग्रजी वाऱ्यावर सोडणारे मी पाहिलेत. इंग्रजीत पस्तीस आणि बाकी विषयांतही जेमतेम, मग नीटचे गुण काय कामाचे?

३. नीट: वेगळी परीक्षा नाही, पण हिशेब वेगळा

महाराष्ट्रात व्हेटर्नरीसाठी वेगळी प्रवेश परीक्षा नाही, नीट-यूजीच लागते. अर्जात "व्हेटर्नरी" असा रकाना शोधू नका, तो नसतो. एकच परीक्षा द्यायची आणि नंतर तिचे गुण घेऊन वेगवेगळ्या दारांत उभं राहायचं.

पेपरात १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला ४, चुकीच्या उत्तराला १ वजा. यातले ९० प्रश्न, म्हणजे ३६० गुण, एकट्या जीवशास्त्राचे. व्हेटर्नरीची सरकारी जागा हवी असेल तर जीवशास्त्रात मार खाऊन चालत नाही. राज्य मंडळाचं पुस्तक बारावीपुरतं ठेवा आणि नीटसाठी एनसीईआरटीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातली ओळ न् ओळ, आकृतीखालचा मजकूरसुद्धा वाचा. भौतिकशास्त्राने मला पहिल्या वर्षी रडवलं. दुसऱ्या वर्षी मी न येणारे प्रश्न सोडायला शिकले आणि तेवढ्यानेच गुण वाढले. अंदाजपंचे उत्तरं दिली की ऋण गुण कसे साचतात, ते घरी एका जुन्या पेपरवर स्वतः मोजून बघा.

पेपर मराठीतूनही देता येतो. पण पदवीचं शिक्षण इंग्रजीतूनच आहे, हे डोक्यात ठेवून संज्ञा दोन्ही भाषांत पाठ करा.

"पात्र" ठरणं आणि जागा मिळणं यात फार अंतर आहे. निकालावर पात्र असं दिसलं की घरात पेढे येतात. सरकारी जागांची यादी मात्र त्या रेषेच्या बरीच वर संपते. आदल्या वर्षी कोणत्या गटात शेवटचा प्रवेश कुठल्या क्रमांकावर झाला, ते निवड यादीत बघायला मिळतं. शेजारच्या काकांच्या अंदाजापेक्षा ती यादी बरी.

४. कागदपत्रं: हे काम अकरावीतच काढा

माझं मत विचाराल तर नीटमुळे जेवढ्या जागा जातात, तेवढ्याच कागदांमुळे जात असाव्यात. साधारण लागणारी कागदपत्रं अशी:

- नीटचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक
- दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, दहावीचं प्रमाणपत्र
- शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला
- वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र
- आधार कार्ड, भरपूर फोटो (नीटच्या अर्जाला लावलेल्या फोटोच्या आठ-दहा जादा प्रती)
- राखीव गट असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर
- आर्थिक दुर्बल घटक असाल तर त्या वर्षीचं प्रमाणपत्र
- उत्पन्नाचा दाखला (शिष्यवृत्तीसाठी)
- मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं शपथपत्र
- वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र

यातल्या जात वैधतेसाठी वेगळं बोलायला हवं. जातीचा दाखला म्हणजे वैधता नव्हे. दाखला तहसील किंवा प्रांत कार्यालयातून मिळतो, वैधता जात पडताळणी समितीकडून, आणि तिला महिने लागू शकतात. अकरावी-बारावी विज्ञानाला असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करता येतो, तो तेव्हाच करा. पुरावे जुने लागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, जुने जन्म-मृत्यूचे नोंदीचे उतारे, जुने महसुली कागद, आणि वंशावळीचं शपथपत्र.

आमच्या पणजोबांचं नाव एका उताऱ्यात "तुकाराम" होतं आणि दुसऱ्यात नुसतं "तुका". तेवढ्यावरून फाइल परत आली. मग गावातली दोन वयस्कर माणसं, एक नवं शपथपत्र आणि आबांच्या चार फेऱ्या. रिपीटचं वर्ष हाताशी होतं म्हणून निभावलं. कुटुंबात चुलत्यांपैकी कोणाची वैधता आधी झाली असेल तर ती प्रत पहिली शोधा, काम निम्मं होतं.

नॉन-क्रिमीलेअर काढताना मुदत कुठल्या ३१ मार्चपर्यंत आहे ते वाचा. जुनं, मुदत संपलेलं प्रमाणपत्र चढवून खुल्या गटात ढकलली गेलेली मुलगी माझ्या खोलीतच राहायची. सुदैवाने तिचा नंबर तिथेही लागला.

दुसरा सापळा केंद्राच्या आणि राज्याच्या नमुन्याचा. नीटचा अर्ज केंद्रीय असतो, त्यात इतर मागासवर्ग म्हणजे केंद्राच्या यादीतले. राज्याच्या यादीत असलेली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही आणि प्रमाणपत्राचा नमुनाही निराळा. दोन्हीकडे अर्ज करणार असाल तर दोन्ही नमुन्यांत प्रमाणपत्र काढून ठेवा.

आणि नाव! दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं आहे तसंच आधारवर हवं. स्पेलिंगमधलं एक जादा "ए"सुद्धा नडतं. आधार बदलायला सोपं आहे, बोर्डाचा कागद बदलायला अवघड. म्हणून दुरुस्ती आधारमध्ये करा.

सगळ्या कागदांचे स्कॅन पीडीएफमध्ये, लहान आकारात करून ठेवा. सायबर कॅफेत शेवटच्या संध्याकाळी वीज जाते, हा माझ्यापुरता निसर्गनियम आहे.

५. दोन दारं आहेत, दोन्ही ठोठवा

पहिलं दार राज्याचं. महाराष्ट्रातली सरकारी पशुवैद्यक महाविद्यालयं नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात, लोक त्याला माफसू म्हणतात. माझ्या वर्षी नोंदणी याच विद्यापीठाच्या संकेतस्थळावर झाली. वैद्यकीयच्या कॅप फेरीशी, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीशी, तिचा काही संबंध नव्हता. मी नेमकी इथेच फसले होते. नीटचा निकाल लागल्यापासून रोज एकदा हे संकेतस्थळ उघडून बघा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तारीख येते तेव्हा ती बऱ्याचदा उद्याची असते.

दुसरं दार भारतीय पशुवैद्यक परिषदेचं. देशभरातल्या मान्यताप्राप्त महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात असतात आणि त्यांचं समुपदेशन परिषद स्वतः ऑनलाइन घेते. एमबीबीएसच्या अखिल भारतीय कोट्याची नोंदणी केली म्हणजे ही झाली, असं नाही. इथे पुन्हा वेगळा अर्ज, वेगळं शुल्क. या कोट्यातून दुसऱ्या राज्यात जायची तयारी असेल तर पर्याय बरेच वाढतात. तिथली भाषा मात्र शिकावी लागते, कारण गाईचा मालक इंग्रजी बोलत नाही.

६. पसंतीक्रम: गाव नको, पेशंट बघा

सगळे घराजवळचं कॉलेज वर टाकतात. मी म्हणेन, तिथे दवाखान्यात कुठली जनावरं येतात ते आधी बघा.

मुंबईचं परळचं महाविद्यालय १८८६ सालचं. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय शेजारीच, त्यामुळे कुत्री-मांजरं पुष्कळ बघायला मिळतात. शहरात पाळीव प्राण्यांची प्रॅक्टिस करायची असेल तर याला तोड नाही, राहण्याचा खर्च मात्र मुंबईचा. नागपूरचं १९५८ चं. वन्यप्राण्यांची ओढ असणाऱ्यांचा कल तिकडे असतो, कारण गोरेवाड्याचं वन्यजीव केंद्र तिथेच आहे. परभणी १९७२ चं आणि उदगीर १९८७ चं. हा लाल कंधारी आणि देवणी गाईंचा, उस्मानाबादी शेळीचा मुलूख. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय १९८८ चं, पुणे-सातारा रस्त्यावर. तिथे संकरित दुभत्या गाई आणि त्यांचे सगळे रोग भरपूर. याखेरीज नवीन महाविद्यालयंही सुरू होत आहेत, त्या वर्षीच्या जागांच्या तक्त्यात ती दिसतील.

मोठ्या जनावरांचं काम शिकायचं असेल तर लहान गावातलं कॉलेज कमी समजू नका. विताना अडलेली गाय कॉलेजच्या दारात येते ती आसपास गाई असल्या तरच.

यादी भरताना मनातला खरा क्रम लिहा, "इथे मिळेल का" असा हिशेब करून खालचं वर नेऊ नका. मिळालेली जागा नाकारली तर पुढच्या फेरीत राहता की बाहेर पडता, हा नियम मात्र भरण्याआधी दोनदा वाचा. आणि नाव लागलं नाही म्हणून फोन बंद करून बसू नका. वैद्यकीयच्या फेऱ्या पुढे सरकल्या की इथल्या जागा रिकाम्या होतात आणि शेवटच्या फेऱ्यांत यादी बरीच खाली येते. मूळ कागदपत्रं, शुल्काची सोय आणि भरलेली बॅग तयार ठेवा, हजर व्हायला कधीकधी दोनच दिवस मिळतात.

७. पदविका, एजंट आणि "डोनेशन"

गावात जनावराला सुई देणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टर म्हणतात. त्यामुळे पशुसंवर्धनाची पदविका केली की डॉक्टर होता येतं, असा समज आहे. तसं होत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ प्रमाणे नोंदणी मिळते ती मान्यताप्राप्त पदवीलाच. पदविकाधारकाला काही किरकोळ सेवा नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली देता येतात. पदविका वाईट नाही, त्यातून पशुधन पर्यवेक्षक होता येतं आणि ती माणसं गावोगावी राबतात. फक्त आपण कशाला अर्ज करतोय ते माहीत असावं. "पुढे डिग्रीला जोडून घेऊ" असं कोणी तोंडी सांगितलं तर तो नियम छापील मागा.

निकालानंतर दुसऱ्या राज्यातल्या खासगी कॉलेजांचे एजंट फोन करतात. "मॅनेजमेंट सीट आहे, आज टोकन भरा." टोकन भरू नका. त्या कॉलेजचं नाव परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का आणि यंदाच्या प्रवेशाला परवानगी आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. महाराष्ट्रात किंवा अखिल भारतीय कोट्यात नीटशिवाय बी.व्ही.एस्सी.ला प्रवेश देतो म्हणणारा सरळ खोटं बोलतोय.

दुग्ध तंत्रज्ञान आणि मत्स्य विज्ञान याच विद्यापीठात आहेत, पण ते निराळे अभ्यासक्रम. त्यांना सीईटी लागते आणि त्यातून पशुवैद्यक होता येत नाही. दुसरा पर्याय म्हणून ती सीईटी देऊन ठेवायला हरकत नाही.

८. नंबर लागल्यावर

शुल्क भरताना महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळाचा विचार आधीच करा. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि राखीव गटांच्या योजनांचे अर्ज तिथेच भरायचे असतात. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे मध्येच लटकतात. मूळ कागद कॉलेजात जमा करण्याआधी प्रत्येकाच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढा. नंतर मागितले की अर्ज, सही, शिक्का आणि "उद्या या."

रेबीजची प्रतिबंधक लस कॉलेज सुरू होण्याआधीच सुरू करा. कुत्रा चावण्याआधी घ्यायची ही लस तीन टोच्यांची असते: पहिला टोचा, त्यानंतर सात दिवसांनी दुसरा आणि पहिल्यापासून एकवीस किंवा अठ्ठावीस दिवसांनी तिसरा. धनुर्वाताचं इंजेक्शनही घेऊन टाका. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. पहिल्याच महिन्यात एका पिसाळल्याचा संशय असलेल्या वासराच्या तोंडात हात घालून बसलेल्या सीनियरला पाहून सगळा वर्ग लसीच्या रांगेत लागला.

पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि पशुधन उत्पादन व्यवस्थापन असे विषय असतात. घ्यायच्या वस्तू थोड्याच: दोन पांढरे अ‍ॅप्रन, विच्छेदनाची पेटी, गमबूट. स्टेथोस्कोपची घाई नको, मामाने भेट दिलेला माझा दोन वर्षं खोक्यातच होता. गमबूट एक नंबर मोठे घ्या म्हणजे जाड मोजे मावतात. आणि विच्छेदनाच्या पहिल्या तासाला उपाशी जाऊ नका. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, रिकाम्या पोटी गरगरतं. आमच्या बॅचला पहिल्या दिवशी म्हशीचा पुढचा पाय दिला होता. चक्कर येऊन पडले ते दोघेही नाश्ता चुकवून आले होते.